कोपऱ्यातली टोपली

त्या वर्षी संस्थेच्या शेडमधून दोन पोती नाहीशी झाली, आणि त्यावरून जेवढी बोंब झाली तेवढी कुणाचं छप्पर उडालं असतं तरी झाली नसती.

पोती कॉफीचीच होती, पण विकायची नव्हती, प्यायची होती. हे नीट कळायला जरा मागे जावं लागेल.

टेकडीच्या उतारावर एकशे चौदा घरांच्या कॉफीच्या बागा होत्या. हंगामात दुपार कलली की घराघरातून माणसं पिकल्या फळांच्या टोपल्या घेऊन खाली शेडमध्ये येत. शेडच्या दारातच वजनकाटा, आणि काट्यापाशी काटाआत्या. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहून गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती या काट्यावर उभी राहिली ती आता साठी उलटली तरी तिथेच. तेव्हा काटा साखळीला टांगलेला असे. वजनं लोखंडी, त्यातल्या पाच किलोच्या वजनाची कडी तुटलेली, म्हणून ते पोटाशी धरून उचलावं लागायचं. आणि मोजायचे ते फक्त पूर्ण किलो. टोपली साडेबारा किलो भरली, तर वरची फळं मुठीमुठीने काढायची, काटा बारावर स्थिर करायचा, आणि काढलेली फळं कोपऱ्यातल्या एका टोपलीत टाकायची. ती टोपली कुणाचीच नव्हती. म्हणजे सगळ्यांची होती.

एका टोपलीसाठी साल काढायचं यंत्र कोण चालवणार? म्हणून आत्या संध्याकाळी लोखंडी शिडीने शेडच्या पत्र्यावर चढायची आणि ती फळं सालासकट तिथेच पसरून द्यायची. हंगाम सरता सरता ती काळी, खडखडीत होत. मग कुटून, पाखडून दोन पोती भरत आणि ती घराघरात वाटली जात. बागांमधली सगळी चांगली कॉफी ट्रकने बंदरावर जायची आणि पिकवणारे वर्षभर कोपऱ्यातली प्यायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ‘उरलंसुरलं आहे, पण आपलं आहे,’ एवढंच म्हणायचे.

तर यंदा ती दोन पोतीच गायब. घरोघरी, धुताना पाण्यावर तरंगणाऱ्या आणि एरवी टाकूनच देतात अशा पोकळ फळांची कॉफी उकळत होती. तिला ना रंग ना वास.

“एवढी वर्षं राखलीस, आणि यंदा कुठे घालवलीस गं?” जो तो आत्याला विचारायचा.

“शेडमध्येच ठेवली होती. पोत्यांना पाय फुटले असतील,” आत्या म्हणायची. पण मनातून तीही चक्रावली होती.

त्यातच एका सकाळी अध्यक्ष धावत आले. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आत्याचा सख्खा धाकटा भाऊ. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची.

“ताई! ताई, फोन आला बंदरावरून! आपला नमुना पहिला आला! साठ नमुन्यांतून पहिला!”

“हळू बोल, दम घे. कुणाचा नमुना?”

“तेच तर बघायचंय! कुठे आहे ती?”

ती म्हणजे त्यांची मुलगी, आत्याची पुतणी. शहरात शिकून आलेली, आणि यंदाच्या सगळ्या नव्या कारभाराची कर्तीकरविती. तिनेच जुना काटा काढून नवा विजेचा काटा आणि त्याशेजारी टॅबलेट बसवला होता, बागेबागेत फिरून नकाशावर ठिपके टाकले होते, आणि सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, की आता प्रत्येक पोत्यावर मालकाची चिठ्ठी लागणार. ती कॉफी सातासमुद्रापार गेली, भाजली गेली, पुड्यात भरली गेली, तरी पुड्यावरच्या कोडसमोर कुणी फोन धरला की त्याला दिसणार, ही कॉफी कोणत्या बागेतली, कुणी तोडली, कुठे वाळवली. बंदरावरच्या खरेदीदारांनी याच अटीवर माल उचलला होता. सांगितलेलं खरं असलं पाहिजे, एवढीच त्यांची अट.

बातमी टेकडीवर वाऱ्यासारखी पसरली. घटकाभरात शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका ओल्या हातांनी आल्या, कुणी अर्धी दाढी केलेलाच आला.

“माझाच असणार,” घारेभाऊ म्हणाले. डोळे घारे, म्हणून नाव घारेभाऊ. “मी रोज झाडांशी बोलतो.”

“म्हणूनच पानगळ लवकर होते,” त्यांची बायको म्हणाली, आणि सगळी शेड हसली.

पुतणीने टॅबलेट हातात घेतला. “आपल्या चिठ्ठीचा नंबर त्र्याण्णव. दोनच पोती आहेत म्हणे. थांबा, उघडतेय.”

एकशे चौदा घरांनी श्वास रोखला.

पुतणी वाचायला लागली आणि थबकली.

“वाच की गं!”

“मालक...” तिने मान वर केली. “मालक, आत्या.”

 मग कुणीतरी मान लांब करून नकाशा पाहिला. ठिपका कुठल्याही बागेवर नव्हता. तो थेट शेडच्या छपरावर होता.

आत्याला त्या क्षणी सगळं आठवलं. हंगामाचा पहिला दिवस. नवा काटा ग्रॅमपर्यंतचं वजन दाखवत होता, त्यामुळे वरची फळं काढायची गरजच उरली नव्हती. पण एवढ्या वर्षांची सवय, हात ऐकतो थोडाच? तो आपला मूठभर काढून कोपऱ्यात टाकत राहिला. संध्याकाळी टॅबलेट अडून बसला. कोपऱ्यातली टोपली काट्यावर ठेवली, तर ती कुणाची, हे सांगितल्याशिवाय दिवस बंद होईना. पुतणी शहरात गेलेली. आत्याने ‘कोपरा’ असं लिहून पाहिलं, यंत्राने ते नाकारलं. त्याला माणूस हवा होता. शेवटी वैतागून तिने स्वतःचं नाव दाबलं, जागा विचारली तेव्हा ‘इथेच’ दाबलं, आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून यंत्र आपणहून तेच भरू लागलं. मुख्य हंगाम सरला तेव्हा त्याने दोन चिठ्ठ्या छापून दिल्या, तिने त्या नेमाने पोत्यांना लावल्या, आणि चिठ्ठी दिसेल ते प्रत्येक पोतं हमालांनी ट्रकमध्ये चढवलं.

“अगं बाई,” ती कपाळावर हात मारून म्हणाली. “ही आपली कोपऱ्यातली आहे! प्यायची कॉफी! सापडली पोती!”

तिला वाटलं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही.

“कोपऱ्यातली?” घारेभाऊंनी विचारलं. “उरलंसुरलं सालासकट छपरावर टाकायचं, आणि ते साठात पहिलं? आत्या, तुझं झाड एक नाही, आणि तुझ्या नावावर दोन पोती पहिल्या नंबरची. मी काही म्हणत नाही. पण उत्तम माल असा आपोआप जमत नाही.”

“म्हणत नाहीस तर मग काय करतोयस?” त्यांची बायको म्हणाली. पण तिचा आवाजही जरा खालीच होता.

आणि मग अध्यक्षांनी उरलेली बातमी सांगितली. बंदरावर नमुने चाखून नंबर लावणाऱ्या बाई स्वतः येणार होत्या, आठ दिवसांनी, त्र्याण्णव नंबरची बाग बघायला. चिठ्ठी खोटी निघाली, तर एकट्या त्र्याण्णव नंबरवर भागणार नव्हतं. बाकीच्या एकशे चौदा घरांच्या चिठ्ठ्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार?

त्या दुपारी अध्यक्ष बहिणीपाशी येऊन बसले.

“ताई, मी तुझ्यावर शंका घेत नाही. पण बाईंना छप्पर कसं दाखवायचं? माझी बाग ओढ्याकाठी आहे, दिसायलाही छान आहे. नंबर माझ्या नावावर करून टाकू. बदलता येतं ना गं?”

“येतं,” शेजारी बसलेली पुतणी म्हणाली. “पण बदललं, कधी बदललं, हेही त्यात दिसत राहतं, बाबा.”

“इतक्या आत जाऊन कोण बघतंय!”

“मी बघेन,” आत्या म्हणाली. “अरे, ऐक. या काट्यावर मी कधी एकाची मूठ दुसऱ्याच्या नावावर घातली नाही. तू बाईंना तुझी बाग दाखवलीस, तर त्याच दिवशी मी काटा सोडेन. आणि मी खरं सांगूनही कुणाला पटलं नाही, तरी सोडेन. ज्या काट्यावर विश्वास नाही, तिथे उभं राहून काय करू?”

ती असं काही बोलून बसली खरी, पण पुढचे आठ दिवस तिला जड गेले. वरच्या उतारावरच्या उशिरा पिकणाऱ्या झाडांची शेवटची तोडणी चालू होती. टोपल्या येत होत्या. पण आता माणसं टोपली ठेवून गप्पा मारत उभी राहत नव्हती. तिच्या खांद्यावरून वाकून आकडे वाचत होती. आजवर कुणी आकडा वाचला नव्हता. आत्या म्हणेल ते वजन. तिने हात पाठीमागे बांधून घेतले. कोपऱ्यातली टोपली रिकामी राहिली.

एरवी मात्र टेकडीवर नुसती धांदल होती. शेडला चुना लागला, खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्राने पुसल्या गेल्या, ज्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता ती मागे आणि धड असलेली पुढे झाली. चाखणं हा कुणाचा धंदा असतो याचंच लोकांना नवल. “नुसतं प्यायचे पैसे?” घारेभाऊंना पटतच नव्हतं.

बाई आल्या त्या बुटक्या, जाड तळव्यांचे बूट घातलेल्या, खांद्याला मोठी पिशवी. जीपमधून उतरून त्यांनी पहिला प्रश्न केला, “त्र्याण्णव नंबरच्या मालकीणबाई कोण?”

अध्यक्षांनी घसा खाकरला. त्यांनी हात ओढ्याच्या दिशेने जरासा उचलला होता, इतक्यात आत्या पुढे आली.

“नाव माझं आहे. बाग माझी नाही. मला बागच नाही.”

आणि तिने सगळं सांगितलं. साखळीचा काटा, पूर्ण किलो, वरची मूठ, कोपरा, पत्रा, अडून बसलेलं यंत्र, चिठ्ठ्या. काही गाळलं नाही, काही सारवलं नाही. अध्यक्षांचा हात हळूहळू खाली आला.

“बाई, तुम्हीच सांगा,” घारेभाऊ म्हणाले. “उरलंसुरलं कधी पहिलं येतं का?”

“मलाही तेच बघायचंय,” बाई म्हणाल्या. “ती कॉफी इथे कुणी ओळखेल का?”

“म्हणजे?”

“तुम्ही वर्षानुवर्षं प्यायलात म्हणता ना?” त्यांनी पिशवीतून एक पुडा काढला. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. “ही त्र्याण्णव नंबरची. भाजून आणली आहे. पाणी तापवा.”

अशी लगबग त्या शेडने पाहिली नव्हती. पाणी तापलं, पेले मांडले गेले. बाईंनी बिया दळल्या, पाणी ओतलं, घड्याळ लावलं. मग चमच्यात थोडी कॉफी घेऊन अशी काही जोरात सुर्रकन ओढली, की मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“आमच्या घरात असा आवाज केला असता, तर सासूबाईंनी पंगतीतून उठवलं असतं!”

“आवाजाशिवाय चव सगळ्या जिभेवर पोचत नाही,” बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी पहिला पेला घारेभाऊंच्या हातात दिला. “घ्या. आवाज करून घ्या.”

घारेभाऊंनी पेल्याकडे संशयाने पाहिलं. सगळी शेड त्यांच्याकडे पाहत होती. आत्या तर त्यांच्या मिशीखालच्या ओठांकडेच बघत होती. तिचा इतक्या वर्षांचा काटा त्या एका घोटावर येऊन थांबला होता.

त्यांनी सुर्रकन ओढली. डोळे मिटले. पुन्हा ओढली. आणि पेला हातातून सांडता सांडता ओरडले, “अरे, ही तर आपली! ही कोपऱ्यातली! देवाशप्पथ, ही कोपऱ्यातलीच आहे!”

मग काय विचारता! पेल्यांवर झुंबड उडाली. सुर्र, सुर्र, सगळी शेड ओढू लागली. “हीच ती!” “सकाळी उठल्याउठल्या हीच लागते!” “अगं, किती महिन्यांनी!” एका म्हातारबांच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते म्हणाले धूर गेला. धूर कुठेच नव्हता. पुतणीने आत्याला मिठी मारली.  आत्याने पदराने काट्याचा तवा पुसला, पुसायची काही गरज नसताना.

“ओळख पटली,” बाई म्हणाल्या. “पण ही पहिली का आली, ते अजून कळलं नाही. काटाआत्या, आता एक टोपली वजन करून दाखवा. नेहमीसारखी.”

घारेभाऊंचीच टोपली पुढे आली. आत्याने आठ दिवसांत पहिल्यांदा हात मोकळे केले. टोपली चढवली, वरची मूठ काढली, कोपऱ्याकडे वळली.

“थांबा. मूठ उघडा.”

तिने उघडली. तळहातावर नऊ-दहा फळं. सगळीच्या सगळी गडद लाल, टपोरी, जवळजवळ जांभळी. एक हिरवं नाही, एक पिवळट नाही, एक डागाळलेलं नाही.

“पुन्हा.”

पुन्हा तेच. चार टोपल्यांमधून चार मुठी काढल्या, चारही तशाच.

आत्या स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तशी पाहत राहिली. “मी काही निवडत नाही हो,” ती घाबरून म्हणाली. “मी तर काट्याकडे बघत असते.”

“तुम्ही निवडत नाही. हात निवडतो,” बाई म्हणाल्या. “एकशे चौदा बागांमधली सगळ्यात पिकलेली फळं, रोज थोडी थोडी, आणि वर पत्र्यावर सालासकट सावकाश वाळलेली. अशी कॉफी ठरवून करायची तर माणसं ठेवावी लागतील.”

आत्याचा चेहरा उतरला. “म्हणजे मी सगळ्यांच्या टोपल्यांमधलं उत्तम तेवढं काढत आले?”

 आणि तिला वाचवायला कोण पुढे यावं? घारेभाऊ.

“काढलंस, आणि प्यायलं कुणी? आम्हीच ना! माझ्या बापाने प्यायली, मी प्यायलो. मी उगाच बोललो, आत्या. माझं तोंडच तसं आहे.”

“तोंड नाही, मेंदू,” बायको म्हणाली.

पुतणी मघापासून टॅबलेटवर बोट फिरवत होती. आता ती एकदम ओरडली, “सापडलं! मालकाच्या यादीत अगदी तळाशी ‘गट’ आहे. आपण तिथवर कधी खाली गेलोच नाही! सगळी नावं घालता येतील. बोला पटापट!”

आणि मग नावांचा जो गदारोळ झाला! जो तो आपल्या घराचं नाव ओरडत होता, कुणी शेजाऱ्याचं, कुणी आजारी मावशीचं. “अध्यक्षांना गाळू नका!” असं खुद्द अध्यक्षच दोनदा ओरडले. एकशे चौदा नावं झाली, तेव्हा आत्याने हळूच विचारलं, “आणि ठिपका? तो छपरावरून कुठे हलवायचा?”

“का हलवायचा?” बाई म्हणाल्या. “कॉफी तिथेच झाली ना? अगदी बरोबर जागी आहे.”

जाताना त्यांनी विचारलं, की दर वर्षी ही दोन पोती मिळतील का? सगळी शेड एका आवाजात ‘नाही’ म्हणाली. एवढं एकमत संस्थेच्या कुठल्या सभेत झालं नव्हतं. त्यावर आत्याने तोड काढली. कोपऱ्यातली टोपली घरचीच राहील. पण पुढच्या हंगामात ती रोज सकाळी एकेका बागेत जाईल आणि आपला हात काय उचलतो ते सगळ्यांना दाखवील. मग सगळ्याच टोपल्या तशा भरतील. बाईंनी हातावर हात दिला आणि उरलेला पुडा काट्यावर ठेवून गेल्या. तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, रिकाम्या शेडमध्ये टॅबलेट टुणकन वाजला. पुतणी किंचाळली. आत्याच्या हातातला झाडू पडला.

“काय गं? काय झालं?”

“आत्या, कुणीतरी आपला पुडा उघडलाय! तिकडे, समुद्रापलीकडे! हा बघ ठिपका!”

दूरच्या नकाशावर एक इवला निळा ठिपका लुकलुकत होता. बघता बघता अध्यक्ष आले, घारेभाऊ आले, त्यांची बायको आली. सगळी डोकी टॅबलेटवर वाकली. तेवढ्यात खाली अक्षरं उमटली.

“त्याने काहीतरी विचारलंय,” पुतणी म्हणाली आणि वाचून दाखवू लागली. “‘कॉफी फारच छान आहे. पण नकाशावर तुमची बाग एका छपरावर दिसते. काही चूक तर झाली नाही ना?’”

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

“लिही,” आत्या म्हणाली. तिने कमरेला पदर खोचला, जसा ती मोठी टोपली चढवताना खोचायची. “लिही, की चूक नाही. आम्ही एकशे चौदा घरं आहोत आणि ठिपका अगदी बरोबर आहे. आणि पुढे लिही, सावकाश प्या म्हणावं. आमच्याकडची यंदा संपली आहे.”